जाधवकाकांचा पिवळा मॉनिटर

"पडदे ओढू का?" जाधवकाकांनी विचारलं. मी म्हटलं, ट्यूबलाइटही बंद करा. गारखेड्यातल्या त्या खोलीत भर दुपारी अंधार झाला आणि मी मॉनिटरवर कॅलिब्रेटर लटकवला.

कॅलिब्रेटर म्हणजे माउसएवढं यंत्र. स्क्रीनवर एकेक रंग येतो, ते मोजतं आणि रंग कुठं चुकतोय ते सांगतं. माझी गिऱ्हाइकं म्हणजे फोटो स्टुडिओ आणि प्रिंटिंग प्रेस. गेमसाठी बोलावणारे काका पहिलेच. गेमला याची गरज नसते, हे फोनवरच सांगून पाहिलं होतं. ते ऐकेनात.

मुलगा बंगळुरूला. दर रविवारी बापलेक ऑनलाइन बंदुकांचा गेम खेळायचे.

"अंधारात कोपऱ्यात माणूस उभा असतो, मला दिसतच नाय. मी मरतो, टीम हरते. मागच्या रविवारी पोरगा म्हणला, मीटिंग आहे. रविवारी कुठली मीटिंग असती हो?"

घरात तिसरं कोणी नव्हतं आणि त्या अंधारात ते फारच जाणवत होतं.

रीडिंग आलं. मॉनिटर कमालीचा पिवळा आणि काळपट.

"कुठून घेतला?"

"औरंगपुऱ्यात लॅबला होतो ना, लग्नाचे अल्बम करायला. लॅब बंद झाली, तवा घरी आणला."

मग सगळा उलगडा झाला. अल्बममध्ये नवरी गोरी दिसायला हवी, म्हणून त्यांच्या लॅबमध्ये स्क्रीनच मुद्दाम पिवळी, काळपट ठेवत. तिच्यावर चेहरा बरा दिसेपर्यंत उजळत न्यायचा. छापून आला की आपोआप गोरापान. नवरीकडचे खूश.

मी रंग सरळ केले. स्क्रीन स्वच्छ पांढरी झाली. पडदे उघडून काका खुर्चीत बसले. डेस्कटॉपवर एका बाईंचा फोटो होता.

"ही अशी नव्हती," ते म्हणाले. "पांढरीफटक दिसायलीय. चांगली सावळी होती."

काकू जाऊन काही वर्षं झाली होती. फोटो काकांनीच याच स्क्रीनवर केलेला.

"रंग आता बरोबर आहेत, काका."

"स्क्रीनचे असतील. हिचे नायत."

"फोटो दुरुस्त करून देतो की."

"तुम्ही कुठं पाहिलं होतं तिला?"

मी माउसवरचा हात काढला.

"पहिल्यासारखं करून द्या," ते म्हणाले.

"आणि गेम?"

"पोराचा फोन येईल कधी तरी. हिचा नाय येत."

मी केलेलं सगळं काम पुसून टाकलं. काकू पुन्हा सावळ्या झाल्या. मग गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथला ब्राइटनेस तेवढा वाढवला. कोपऱ्यातला माणूस लख्ख दिसायला लागला. गरज नाही म्हणण्याऐवजी हे सेटिंगच मी फोनवर सांगितलं असतं तर खेप वाचली असती.

रविवारी संध्याकाळी काकांचा मेसेज आला. 'कोपऱ्यातला दिसला. एकटाच खेळलो.'

माझ्याही घरात त्या संध्याकाळी कोणी नव्हतं.

गेमसाठी मॉनिटर कॅलिब्रेट करावा का, असं लोक अजून विचारतात. नको, असंच सांगतो. पण आता कुठल्याही स्क्रीनला हात लावण्याआधी मी एक विचारून घेतो, यावर तुम्ही रोज कोणाला बघता?