हॉटेलचं बिस्कीट आणि आबांचे दात

आमच्या आबांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि घरातला शेवटचा शब्द मात्र त्यांचाच असायचा. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. शब्द हिरड्यांवरून घसरत फसफसत बाहेर यायचा, पण एकदा आला की पुन्हा आत जायचा नाही. सणसरच्या आमच्या घरात माणसं भरपूर होती, मतंही भरपूर होती. त्यातलं चालायचं एकच.

दात नव्हते असंही म्हणता येणार नाही. वडिलांनी बारामतीच्या डॉक्टरकडून वरची-खालची पूर्ण कवळी करून आणली होती. आबांनी ती एक दिवस घातली. संध्याकाळी काढली, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवली आणि म्हणाले, "दुसऱ्याचं तोंड घातल्यावानी वाटतंय." तेव्हापासून ते खोकं फळीवर होतं. पाहुण्यांची पोरं पेढ्याच्या आशेनं ते उघडायची आणि किंचाळत अंगणात पळायची. मला हा कार्यक्रम फार आवडायचा. कोणी पोरं घेऊन आलं की मी मुद्दाम ते खोकं खालच्या फळीवर आणून ठेवायची.

आबांच्या तरुणपणी आमच्याकडे मेंढरं होती. पुढे ती विकून ऊस लावला, तरी आबांची नजर मेंढरंवाल्याचीच राहिली. जनावर समोर आलं की आधी त्याचा जबडा उघडायचा. दोन दाती, चार दाती, आणि सगळे दात आले की जुळलेलं. त्यावरून वय, त्यावरून किंमत. दात पडलेल्या मेंढीला बाजारात कोणी विचारत नाही, हे ते स्वतःच्या बोळक्या तोंडाने हसत हसत सांगायचे. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाकडेही त्यांनी असंच टक लावून पाहिलं होतं. त्या बिचाऱ्यानं सगळा वेळ तोंड मिटून पोहे खाल्ले.

तर असे आबा, आणि रोज संध्याकाळी त्यांची भाकरी दुधात कुस्करायचं काम माझं. आईनं कुस्करली की त्यात गाठी राहायच्या. सुनेला बोलायचं नाही म्हणून आबा ताट तसंच सरकवून ठेवायचे. मला बोलायला त्यांना काहीच वाटत नसे.

"खडा लागला ग."

"खडा न्हाय आबा, तुमची हिरडीच हाय ती. गिळा आता."

"लई चुरूचुरू बोलती."

"मग दात घाला की. खोक्यात ठेवून काय त्यांची अंडी उबवायचीत?"

हे रोजचं होतं. यात कोणी कोणाचा राग धरत नसे, आणि भाकरी संपायची.

माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला मामाकडे गेलो. मामाला तेव्हा बढती मिळाली होती. त्या आनंदात त्यानं आम्हाला एका मोठ्या हॉटेलात कॉफी प्यायला नेलं. कॉफी कडू होती. पण तिच्याबरोबर एका छोट्या बशीत एक जाडजूड बिस्कीट आलं. कडेला कुरकुरीत, मधे मऊ, आत चॉकलेटचे तुकडे आणि अक्रोड. मी तोवर आयुष्यात जी बिस्किटं खाल्ली होती ती सगळी चहात बुडवण्यासाठी जन्माला आलेली होती. हे कशातही बुडवायची गरज नव्हती. मला तर उठून उभं राहावंसं वाटलं.

आईनं एक घास घेतला, बोटानं मधला भाग दाबून पाहिला आणि हळूच म्हणाली, "कच्चं हाय ग. एवढं मोठं हॉटेल आन् बिस्कीट कच्चं." उरलेलं तिनं रुमालात बांधून घेतलं. घरी जाऊन तव्यावर शेकणार होती.

तिथंच काचेपलीकडे एक मुलगी दिसली. पांढरा डगला, डोक्यावर उंच टोपी. ती भट्टीतून ट्रे काढत होती आणि दोन पुरुष बाजूला उभे राहून ती काय सांगते ते ऐकत होते. पुरुष उभे आणि बाई सांगतेय, हे दृश्य मी आमच्याकडे फक्त बाळंतपणाच्या वेळी पाहिलं होतं. मामा म्हणाला, याचं शिक्षण असतं, रीतसर कॉलेज असतं. मी त्या क्षणी ठरवून टाकलं.

घरी येऊन मी ते वडिलांना सांगितलं. वडील साखर कारखान्यात ऊस खात्यात होते. अख्ख्या तालुक्यातल्या उसाच्या तोडीचे निर्णय ते घ्यायचे, घरातला एकही घेत नसत. म्हणाले, "सैपाक शिकायला पुण्याला? ती तुझी आई शिकवंल की घरी." मी हट्ट धरला तसं त्यांनी त्यांचं ठरलेलं वाक्य टाकलं, "आबांना इचार."

आबा म्हणाले, "काय करायला शिकणार?"

"बिस्किटं. केक. समदंच."

"बिस्कीट तर पुड्यात मिळतंय की."

मग ओसरीवर जी चर्चा झाली त्यात वडिलांना एकदम बुद्धी सुचली. म्हणाले, "तू ते बिस्कीट हितं करून दाखव. आबांना खायला घाल. जमलं तर घरीच जमतंय, मग पुण्याला जायचं काय कारण? आन् न्हाय जमलं तर कुठल्या तोंडानं जाती?" आणि स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी मान हलवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही बाजूंनी बांधलेलं असं कुंपण मी शेळ्यांनाही घातलेलं पाहिलं नव्हतं. आणि कॉलेजचं नाही म्हटल्यावर पुढे काय, हे मला माहीत होतं. आईनं माझ्यासाठी साड्या बाजूला काढायला सुरुवात केलीच होती.

तरी मी करायचं ठरवलं. मामीकडून कृती तोंडपाठ करून आणली होती. त्यात पहिलीच अडचण तपकिरी साखरेची. वडिलांना विचारलं तर ते चिडलेच. "साखर पांढरी व्हावी म्हणून आख्खा कारखाना रात्रंदिवस राबतो आन् हॉटेलवाल्यांना काळी पाहिजे?" शेवटी मी पांढऱ्या साखरेत गुऱ्हाळावरची काकवी कालवली. साखरेला रंग आला, वास आला, आणि मुंग्यांना पत्ताही लागला.

अक्रोड बारामतीहून सालासकट आणले. ते दाराच्या बिजागरीत धरून फोडले. त्यात दार कायमचं तिरकं लागायला लागलं, ते अजूनही तसंच लागतं. चॉकलेटचे बारीक गोळे कुठं मिळत नव्हते. मोठी वडी आणली आणि ती कातरायला आबांचा अडकित्ता घेतला. दात नसले तरी आबा सुपारी सोडत नव्हते, कातरून खलबत्त्यात कुटून खायचे. मी अडकित्ता तीनदा घासला. तरी चॉकलेटला थोडा कात आणि थोडी तंबाखू लागलीच. हॉटेलवाल्यांना हे जमलं नसतं, अशी मी मनाची समजूत घातली.

ओव्हन आमच्याकडे नव्हता. वालचंदनगरच्या कॉलनीतल्या बायकांकडे ते काचेच्या झाकणाचे गोल ओव्हन असायचे, पण आमच्या गावातली वीज त्या ओव्हनला जीव धरू देणार नव्हती. मग नेहमीची रीत. आमच्याकडे नानकटाई करायची तर मैदा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायची. तिथं ट्रे भट्टीवाल्याचे, गोळे आपण वळायचे, भाजून तो देणार, आणि बायकांनी बाकावर बसून एकमेकींच्या ट्रेला नावं ठेवायची. आई आणि मी एसटीनं बारामतीला निघालो. मांडीवर पिठाचा डबा, पायाशी लोणी, आणि चॉकलेट ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात. मे महिना होता. मी सगळा रस्ता त्या फडक्यावर बाटलीतलं पाणी शिंपडत गेले. शेजारचा म्हातारा म्हणाला, "कोंबडीचं पिल्लू हाय का ग?" मी हो म्हणाले.

भट्टीवर मी गोळे वळले. घरचं लोणी उन्हानं पातळ झालेलं, त्यामुळे गोळे ट्रेवर ठेवले की दमून बसल्यासारखे पसरायचे. बाकावरच्या बायकांनी लगेच तोंडाला पदर लावले. भट्टीवाल्यानं लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सरकवला. थोड्या वेळानं वास सुटला आणि पदर खाली आले. ट्रे बाहेर आला तेव्हा माझा माझ्यावरच विश्वास बसेना. कडा तांबूस, मध्ये मऊ, चॉकलेट चकाकत होतं. हुबेहूब. मला रडू यायला लागलं आणि मी ते बायकांसमोर येऊ नये म्हणून घामाचं निमित्त करून तोंड पुसायला बाहेर नळावर गेले.

तेवढ्यात घात झाला.

आईनं बोटानं बिस्कीट दाबून पाहिलं. बोट आत गेलं. आई भट्टीवाल्याला म्हणाली, "भाऊ, कच्चं राह्यलं हो." त्यानंही दाबून पाहिलं, बाकावरच्या बायकांनी दाबून पाहिलं, आणि सर्वानुमते ट्रे पुन्हा भट्टीत गेला. बिस्कीट म्हणजे वाजलं पाहिजे, हे तिथल्या प्रत्येक माणसाला जन्मापासून ठाऊक होतं. रडू आवरून मी परत आले तोवर बराच वेळ गेला होता. ट्रे रिकामा होता आणि आई डबा भरत होती. प्रत्येक बिस्कीट डब्यात पडताना ठण्ण आवाज करत होतं. "आता कशी खरपूस झालीत बघ," आई म्हणाली. ती इतकी खूश होती की मला तिच्यावर ओरडताही येईना.

संध्याकाळी सगळे ओसरीवर बसले. वडिलांनी एक बिस्कीट उचललं, चावलं, आणि दाढ धरून बसले. आबांनी एक हातात घेतलं, बोटानं वाजवून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. मी उठले. वाटी आणली, दूध आणलं. बिस्कीट हातानं मोडेना तसं खलबत्त्यात घालून कुटलं, दुधात भिजवलं, रोजच्यासारखं कुस्करलं आणि आबांच्या पुढ्यात ठेवलं. हात कुस्करत होते आणि डोळ्यातून पाणी गळत होतं. या वेळी घाम आहे असं सांगायचीही ताकद नव्हती.

आबा सावकाश खात होते. अक्रोडाचा तुकडा लागला की तो काढून पायरीवर ठेवायचे. हळूहळू पायरीवर रांग लागली. वाटी संपली.

वडील म्हणाले, "बघा आबा. न्हायच जमलं."

"न्हाय जमलं," आबा म्हणाले.

"मग आता कशाला जायचं पुण्याला?"

आबांनी धोतराच्या सोग्यानं मिशा पुसल्या. "आरं, येत न्हाय म्हणून तर साळंत घालत्यात. येत असतं तर कशाला घातली असती? जाऊ दे तिला."

वडिलांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. आबांनी त्यात दात किती आहेत ते सवयीनं पाहून घेतलं असावं. आई पदर सावरत दारातून म्हणाली, "पर मामंजी, तुमची भाकरी कोण कुस्करंल?"

"ते माझं मी बघतो," आबा म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले.

मी पुण्याला गेले. पांढरा डगला मिळाला, टोपी मिळाली, पाय सुजेपर्यंत उभं राहणं मिळालं. लोणी कधी थंड ठेवायचं आणि बिस्कीट मऊ असतानाच भट्टीबाहेर का काढायचं, ते गरम ट्रेवर आपोआप कसं घट्ट होतं, हे मी पहिल्याच सत्रात शिकले. दिवाळीला घरी येताना मी स्वतः भाजलेली बिस्किटं डबाभर आणली. खास आबांसाठी, अगदी लोण्यासारखी. हिरडीनं तुटतील अशी. सगळ्या प्रवासात मी तेच चित्र बघत होते, आबा खातायत आणि खडा लागला असं म्हणायला त्यांना काही सापडत नाहीये.

आबा ओसरीवर बसले होते. चेहरा काहीतरी वेगळा वाटत होता, गाल भरल्यासारखे. मी पाया पडले. नेहमीच्या जागी फळीकडे नजर गेली. पेढ्यांचं खोकं तिथं नव्हतं.

आबांनी माझ्याकडे वळून जबडा उघडला, बाजारात मेंढरू दाखवतात तसा, वरपासून खालपर्यंत. पांढरेशुभ्र, एका रांगेत, सगळे.

"बघ. जुळलो का न्हाय?"

आई आतून म्हणाली, "तू गेली त्याच सांजंला घातले. लई दीस तोंड सोललं हुतं, पर काढले न्हाईत."

मी डबा उघडून त्यांच्या पुढे धरला. आबांनी एक बिस्कीट घेतलं, नवे दात लावून सावकाश चावलं. मग थांबले. बोटानं मधोमध दाबून पाहिलं.

"कच्चं राह्यलं ग," आबा म्हणाले. "पुढच्या टायमाला कडक आण."