हिंगाची डबी आणि तीन पिंपं

मी कमी बोलते, त्यामुळे माझ्याकडे किस्से साठत जातात. इतर मुली शाळेतून घरी पोचेपर्यंत सगळं सांगून मोकळ्या होतात. माझं तसंच पडून राहतं. त्यात मे महिन्यात शाळेच्या फ्रेंचच्या बॅचबरोबर फ्रान्सला जाऊन आले आणि आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत लिफ्टमध्ये भेटेल तो एकच प्रश्न विचारू लागला. "वाइन प्यायलीस का?" नाही म्हटल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे लोणावळ्याला जाऊन चिक्की न आणण्यासारखंच!"

शनिवार-रविवार प्रत्येकीला एका फ्रेंच कुटुंबात राहायचं होतं. मला मिळालं वाइन करणारं कुटुंब. आंद्रेकाका, मार्तीनकाकू आणि माझ्याच वयाची एलोदी. काका-काकू मी मनातल्या मनात म्हणायचे. निघताना आईनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, थेंबालाही शिवायचं नाही. दोन, कोणाच्या घरी वाढलेल्याला नावं ठेवायची नाहीत.

* * *

आईनं हिंगाची डबीही दिली होती. "एकदा वरण करून घाल त्यांना." डबीचं झाकण बॅगेत सैल झालं. मी बॅग उघडली आणि एलोदी ओरडली, "गॅस! गॅस लीक झालाय!" काकूंनी धावत जाऊन सगळ्या खिडक्या उघडल्या. कुत्रासुद्धा अंगणात पळाला!

मी लाजून डबी पुढे केली. काका वाकले, त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "वा! फुलं?"

काकू आणि एलोदी पोट धरून हसल्या. काकाही हसले, पण जरा उशिरा.

* * *

जेवायला बटाट्याचं सॅलड होतं, त्यात मांसाचे तुकडे. मी शाकाहारी आहे हे काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी कपाळावर हात मारला, काट्यानं एकेक तुकडा वेचून काढला आणि बशी परत माझ्यापुढे ठेवली. "झालं शाकाहारी!"

मी पाव खाल्ला आणि म्हणाले, "त्रे बाँ." म्हणजे फार छान. दुधाला त्रे बाँ, चादरीला त्रे बाँ, कुत्र्याला त्रे बाँ. एलोदी म्हणाली, "हिला उद्या तळ्यात ढकललं तरी त्रे बाँ म्हणेल!"

* * *

संध्याकाळी त्यांनी जुन्या बाटल्या उघडल्या. मला फक्त वास घ्यायचा होता. ते तिघं मात्र घोट घ्यायचे, खुळखुळवायचे आणि बादलीत थुंकायचे. आमच्याकडे पानात भाताचं शीत उरलं तर बोलणी बसतात!

एलोदी शिकवत होती. "फळांचा वास आला पाहिजे. लाकडाचा आला तरी चालेल. बुरशीचा आला की संपलं, ओतून द्यायची."

काका प्रत्येक ग्लास नाकाशी धरायचे आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघायचे. काकू "चेरी" म्हणाल्या की तेही "चेरी" म्हणायचे. एलोदी म्हणाली, "पूर्वी पापा कोणाला बोलूच द्यायचे नाहीत. हल्ली किती सभ्य झालेत!"

* * *

झोपण्याआधी एलोदीनं खिडकीतून समोरचं उघडं रान दाखवलं. शेजाऱ्यांनी द्राक्षाच्या सगळ्या वेली उपटून बांधावर रचून ठेवल्या होत्या. "जाळणार आहेत," ती म्हणाली. ह्यांच्याकडेही दोन वर्षं ओळीनं कोवळे कोंब थंडीनं जळाले होते. एक थेंब वाइन झाली नव्हती. आता खाली तळघरात गेल्या हंगामाची तीन पिंपं होती. सोमवारी व्यापारी चाखायला येणार होता.

"नाही घेतली तर?"

तिनं समोरच्या रानाकडे बोट दाखवलं आणि दिवा घालवला.

* * *

रविवारी सकाळी जळक्या वासानं मला जाग आली. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन पातेलं काळंठिक्कर पडलं होतं, धूर निघत होता. गॅसला पाठ करून, हातभर अंतरावर, काका शांतपणे पेपर वाचत बसले होते!

मी धावत जाऊन गॅस बंद केला. ते दचकले. पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्वतःच्या नाकावर टिचकी मारली आणि इंग्रजीत म्हणाले, "दोन वर्षं. ताप आला, वास गेला."

"काकूंना माहीत आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी पातेलं घासलं. चांगलं लखलखीत घासलं.

* * *

त्यानंतर ते मला तळघरात घेऊन गेले. नवी वाइन तयार आहे असं घरातला कर्ता सांगेपर्यंत बाकी कुणी चाखायची नाही, हा त्यांच्या आजोबांपासूनचा नियम. त्यांनी पहिल्या पिंपातली थोडी ग्लासात काढली आणि माझ्यापुढे धरली. "तू पिऊ नकोस. फक्त सांग."

पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं. तिथं राहिलेल्या खोक्यांचा पुठ्ठा भिजून कुबट होतो. अगदी तोच वास होता. दुसऱ्या पिंपाला तोच. तिसऱ्यालाही.

"सांग ना."

मला एलोदीचं "संपलं" आठवलं. आईचं दुसरं वाक्यही आठवलं. मी म्हणाले, "त्रे बाँ."

ते माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते. मग त्यांनी आभार मानले, "मेर्सी."

* * *

दुपारी काकांनी ग्लास उंचावून जाहीर केलं, "वाइन तयार आहे!" काकू रडल्या, मग हसल्या. एलोदी टेबलाभोवती नाचली. त्यांनी मला चार वेळा वाढलं. मी केलेलं वरण सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. मी बशीतलं नुसतं चिवडत होते. काका गाणं म्हणत होते.

* * *

स्टेशनवर काकू आणि एलोदी माझ्यासाठी पाण्याची बाटली आणायला गेल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता बोलले. "मी खोटं बोलले. ओल्या पुठ्ठ्याचा वास आहे. तिन्ही पिंपांना."

"माहीत आहे," काका म्हणाले. "तू त्रे बाँ म्हणालीस तेव्हा तुझं नाक दुमडलं होतं."

"मग जेवताना तुम्ही..."

"सोमवार उद्या आहे," ते म्हणाले. "आज रविवार."

तेवढ्यात त्या दोघी आल्या. गाडीही आली. काकूंनी मला मिठी मारली. मी पायरीवर चढले तेव्हा काकांनी हात पुढे केला. "ती फुलांची डबी देशील?"

मी बॅगेतून हिंगाची डबी काढून त्यांच्या हातात ठेवली. "पापा, नको!" एलोदी किंचाळली. गाडी हलली. काकांनी झाकण उघडलं, तशा दोघी नाकं दाबून, खिदळत चार पावलं मागे पळाल्या.

काका डबीवर वाकले होते. डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला. थांबले. पुन्हा घेतला. गाडी वळेपर्यंत ते तसेच उभे होते.