जावयाचं ओव्हरथिंकिंग

चहाचा कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. हसताना सांडलात तर मला बोलायचं नाही! माझ्या अतिशहाणपणानं भाचीचं लग्न मोडता मोडता कसं राहिलं, त्याची ही गोष्ट.

झालं काय, आमच्या ऑफिसात मनाच्या आरोग्यावर एक शिबिर झालं. तिथल्या मॅडमनी 'ओव्हरथिंकिंग' समजावून सांगितलं. नुसता खूप विचार करणं म्हणजे ओव्हरथिंकिंग नव्हे. तोच तो विचार डोक्यात घोळत राहतो आणि निर्णय काही होत नाही, ते ओव्हरथिंकिंग. मी नेमकं पहिलं वाक्य तिथेच विसरून आलो! मग काय विचारता? बायको भेंडी निवडत थांबली, ओव्हरथिंकिंग! रिक्षावाल्यानं हो म्हणायला वेळ लावला, "भैया, ओव्हरथिंकिंग मत करो!"

त्याच रविवारी मुर्ध्याला आईच्या घरी तेजूला बघायला तारोडीचा मुलगा आला, हरेश. तेजू माझ्या बहिणीची मुलगी. पोरीला तो मनापासून आवडला होता. आता फक्त त्याचा होकार यायचा होता.

आईनं खाडीतली बोयटं, म्हणजे मासे, तळून पाहुण्यांना वाढली होती. आज आई नाही, त्या घरात पाऊल टाकलं की तो वास येत नाही, आणि जीव कासावीस होतो. तेव्हा मात्र घर भरलेलं होतं, आणि मी सगळ्यांत पुढे बसलो होतो.

"मग हरेश, मुलगी पसंत आहे ना?"

हरेश गप्प. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, नजर भिंतीवर. दारातल्या तेजूचा चेहरा पार उतरला.

"कुणी बोलू नका!" मी हात वर केला. "हे ओव्हरथिंकिंग आहे."

त्याचे वडील घाबरले. "म्हंजे? आजार हाय का?"

"आजार नाही हो, सवय. लहानपणापासून आहे का?"

हरेशनं जोरजोरात मान हलवली आणि गळ्याला हात लावला. मी म्हटलं, "बघा! उत्तर गळ्यापर्यंत आलंय, पण विचार सोडत नाही. हरेश, डोळे मीट. लांब श्वास घे."

बिचाऱ्यानं घेतला, आणि असा ठसका लागला की तोंड लालबुंद! आई भाकऱ्यांची टोपली टाकून धावली.

"मेल्या, पोराच्या घशात काटा हाय!"

तिनं कोरड्या भाताचा गोळा त्याला गिळायला लावला आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. लहानपणी आम्हालाही ती असंच करायची. त्या हाताची आता फार आठवण येते हो.

काटा उतरला. वडील ओरडले, "आरं, मंग सांगायचा ना!"

हरेशनं मान खाली घातली. "कोळ्याच्या पोराच्या घशात काटा अडकला, कसा सांगू चार मान्सांत?"

"बरं, आता सांग. पोरगी?" वडिलांनी विचारलं.

त्यानं तेजूकडे पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग हळूच आईला विचारलं, "मामा हितंच र्‍हातात?"

"न्हाय न्हाय, तो तिकडं बेव्हर्ली पार्कला र्‍हातो!" आई घाईघाईनं म्हणाली.

"मंग तारीख काढा."