चाळीतलं खोटं कंपनीत

कैलासनं दोन खोटी पाळली होती. सरावलीच्या चाळीत कुणी विचारलं, कपाळाला काय झालं रे, की सांगायचं, कंपनीत पाइप लागला. कंपनीत कुणी विचारलं की सांगायचं, घरी मोरीत पाय घसरला. चाळीतली माणसं कंपनीतल्यांना ओळखत नव्हती, कंपनीतली चाळीकडे फिरकत नव्हती, त्यामुळे दोन्ही खोटी सुखानं नांदत होती. बोईसरमध्ये हे सहज जमतं. इथं कोण कुणाचा? कुणी जामखेडचा, कुणी जळगावचा, कुणी थेट गोरखपूरचा. शिफ्ट सुटली की जो तो आपापल्या खोलीत.

खरं काय ते असं, की कैलासला त्याची बायको मारत असे. हसू आलं ना? येतंच. अहो, ऐकणाऱ्याला आधी हसूच येतं, आणि कैलासला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दोन खोटी.

गडी तसा धट्टाकट्टा. जामखेडकडचा, आयटीआय करून इकडे आलेला, रंगाची पावडर करणाऱ्या कंपनीत ऑपरेटर म्हणून कायम झालेला. भरलेली गोणी एकटा खांद्यावर घ्यायचा. असल्या माणसाला किडकिडीत प्रतीक्षा मारते, हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. पण तिच्या हाताला जे लागेल ते ती घ्यायची. लाटणं, चार्जरची वायर, एकदा तर कुकरचं झाकण. मग कधी रडायची, कधी स्वतःच हळद लावून द्यायची, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा पहिले पाढे.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. चाळीतल्या बायका विचारायच्या ते प्रतीक्षाला, माहेरचे विचारायचे ते प्रतीक्षाला, आणि ती सगळी विचारपूस संध्याकाळी कैलासच्या पाठीवर उतरायची. ‘बायल्या’ हा तिचा ठरलेला शब्द. भांडी घासतो म्हणून बायल्या, उलट बोलत नाही म्हणून बायल्या, मार खाऊन हात उचलत नाही म्हणून तर बायल्याच बायल्या. तिचं दुःख काही खोटं नव्हतं. पण दुःख आहे म्हणून दुसऱ्याच्या पाठीत लाटणं घालायचं, हा कुठला न्याय? तिला असं विचारणारं कुणी नव्हतं, कारण कुणाला काही माहीतच नव्हतं.

आणि तो हात का उचलत नव्हता? त्याचा बाप खंडेराव त्याच्या आईला, गोजराबाईला, मारायचा. कैलासनं ते दाराआडून बघितलं होतं, आणि बायकोवर हात टाकायचा नाही हे मिसरूड फुटायच्या आत ठरवलं होतं. बायकोनं हात टाकला तर काय करायचं, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. ते कुणाला सुचणार?

त्या दिवशी त्याची दुपारची शिफ्ट होती. निघायच्या तोंडावर पगारावरून, मग प्रतीक्षाच्या भावाच्या लग्नावरून, मग कशावरूनच नाही, अशी बोलाचाली झाली आणि प्रतीक्षानं गॅसवरचं चहाचं पातेलं त्याच्या अंगावर भिरकावलं. मान आणि डावा खांदा भाजला. त्यानं गार पाणी ओतलं, शर्ट बदलला, कॉलर वर केली आणि टाकी नाक्यावरून शेअर रिक्षा पकडली.

रिक्षात शेजारच्या खोलीतला आत्माराम होता. “अरे, मान लालबुंद झालीय की!” तो म्हणाला. कैलासनं चाळीतलं खोटं काढून दिलं, “काल कंपनीत वाफ लागली.” आत्माराम हळहळला आणि आपल्या कंपनीच्या वळणावर उतरून गेला. खोटं मात्र कैलासच्या जिभेवर तसंच बसून राहिलं.

प्लांटमध्ये शिरून थोडा वेळ होतो न होतो, तोच शिफ्ट इनचार्ज मेहुल समोर आला. घामानं कॉलर खाली सरकली होती. “ये क्या हुआ?”

खांद्याची नुसती आग होत होती, डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी चहा सांडला, एवढं म्हणाला असता तरी भागलं असतं. तोंडातून निघालं, “वाफ लागली, सर.”

झालं! चाळीतलं खोटं कंपनीत सांगून बसला. आणि चाळीत ‘वाफ लागली’ म्हटलं की माणसं हळहळतात, कंपनीत ‘वाफ लागली’ म्हटलं की चौकशी लागते. कुठली लाइन, कुठला व्हॉल्व्ह, तिथं कोण होतं? मलमपट्टी होईस्तोवर मेहुलनं सगळं जुळवून टाकलं. वाफेच्या व्हॉल्व्हवर त्या दिवशी नवशा होता. नवशा कंत्राटी, मनोरच्या आतल्या पाड्यावरून यायचा. कायम माणसाची चौकशी ऑफिसात होते, कंत्राटी माणसाची गेटवरच उरकते. दुसऱ्या दिवशी वॉचमननं त्याला आत सोडलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

भाजल्यामुळे रजेवर घरी असलेल्या कैलासला वाटलं, येईल आता नवशा भांडायला. आला तर दोन शिव्या ऐकून घेऊ, तेवढंच बरं वाटेल. नवशा आला, पण हातात परसातली शिराळी घेऊन, आणि उंबऱ्याशी उकिडवा बसला.

“भाऊ, माज्या हातून वॉल वाईच जास्त फिरला असंल,” तो म्हणाला. “मला आठवत नाय, पन तुमी सांगता म्हंजे झालंच असंल. माफी करा. तुमी सायबाला बोलले तर मला परत घेतील. घरात पोरं हायेत, भाऊ.”

आता बोला! न केलेल्या गुन्ह्याची माफी मागायला माणूस भाजी घेऊन आला होता. आत प्रतीक्षा चहा टाकत होती, त्याच पातेल्यात. तिनं चहा आणून दिला, “साखर बघा हं,” म्हणाली आणि आत गेली. कैलासला नवशाच्या तोंडाकडे बघवेना. “बघतो मी,” एवढंच तो कसंबसं म्हणाला.

नवशा गेल्यावर प्रतीक्षा बाहेर आली. “माझ्याकडे काय बघतोस? वाफ तुझ्या तोंडातून निघाली, माझ्या नाही.” कपबशा उचलत म्हणाली, “आणि सांगणार काय आहेस? बायकोनं भाजलं? सांग जा. शेण घालतील लोक तोंडात.”

ती म्हणत होती त्यात खोटं काही नव्हतं. खरं सांगितलं तर पुरुष म्हणून आपला निकाल लागतो, नाही सांगितलं तर नवशाच्या पोरांच्या ताटातली भाकरी जाते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यानं गावी फोन लावला आणि बापाला सगळं सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

खंडेरावाला आधी खरंच वाटेना. मग तो भडकला. “आरं, कोण कुठला कंत्राटी गडी, त्याच्यापायी घरादाराची अब्रू घालवतो का? झाकली मूठ सव्वा लाखाची. आन् तिच्या एक कानाखाली वाजव, इषय संपला. म्या कधी तुझ्या आईचा मार खाल्ला का?”

मग फोनवर खुडबुड झाली आणि गोजराबाईचा आवाज आला. “कैलास, लई भाजलंय का रं?” उत्तराची वाट न बघता ती सांगू लागली. “मी बायांना काय सांगायचे, ठावं हाय का तुला? म्हशीनं लाथ मारली. दर बारीला म्हशीनं लाथ मारली. सगळा गाव म्हशीला नावं ठेवायचा. शेवटी तुझ्या बापानंच लोकांपुढं मान डोलावली, म्हस लाथाळ हाय म्हणून, आन् बाजारात इकून आला. लई गरीब म्हस होती रं ती. कासंला पोरगं लोंबलं तरी हलायची न्हाई. मी गप राहिले.”

मागून खंडेराव ओरडला, “काय म्हशीचं घेऊन बसलीस?” आणि फोन बंद झाला.

दुपारी कैलास मेहुलच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. तिथं सेफ्टीच्या हेमांगी मॅडमही होत्या. “वाफ लागली नाही, सर. नवशाचा काही दोष नाही. माझ्या बायकोनं चहाचं पातेलं अंगावर टाकलं.”

मेहुल हसला. वाईट माणूस नव्हता तो, पण हसला. “क्या यार कैलास! नवशाला वाचवायचंय तर दुसरी काहीतरी स्टोरी आण. अशी कोण सांगतं?”

हेमांगी मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तुम्ही आधी काही केलं होतं का? हात वगैरे उचलला? प्यायला होता?”

“नाही, मॅडम.” आईलासुद्धा घरातली माणसं हेच विचारायची, तू काय बोललीस आधी? प्रश्न तोच, खुर्चीत बसलेली माणसं तेवढी वेगळी.

मॅडमनी प्रतीक्षाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पातेलं तुम्हीच टाकलं का, असं सरळ विचारलं. पलीकडून ती एकदम उसळली. “हो, टाकलं. मग? फासावर देणार? मर्द असता तर तिथंच माझा हात धरला असता. सहा वर्षांत एकदा तरी धरला का, विचारा त्याला!” आणि तिला रडू फुटलं.

मॅडमनी फोन ठेवला. मेहुल टेबलाकडे बघत म्हणाला, “पहिल्याच दिवशी एक ठेवून दिली असतीस, तर ही वेळ आली नसती.”

“मेहुल सर, पुरे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी गेटवर फोन करून नवशाला उद्यापासून आत घ्यायला सांगितलं आणि कैलासला म्हणाल्या, “तक्रार करायची असेल तर बघा.” कुठं करायची, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

केबिनचं दार पातळ होतं. कैलास प्लांटमधून गेटपर्यंत येईस्तोवर बातमी त्याच्या पुढे पोचली होती. पॅकिंगमधला एक जण हातात बांगड्या भरल्यासारखं करून दाखवत होता, बाकीचे खिदळत होते.

गेटबाहेर सावलीत नवशा थांबला होता. कैलास दिसताच उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

“भाऊ, माज्यासाठी तुमी येवढं खोटं बोलले? सोताच्या बायकोचं नाव घातलं मदी? लोकं काय काय बोलतात, आयकवत नाय. असा मानूस मी बगला नाय.”

 कैलासनं नुसतं हो म्हणायचं, की झालं. दुसऱ्यासाठी बदनामी पत्करणारा मोठा माणूस! उद्या नवशानंच ही गोष्ट प्लांटभर सांगितली असती, आणि तोंड दाबून खाल्लेला बुक्क्यांचा मार त्यात कायमचा गडप झाला असता. असलं देखणं खोटं पुन्हा कुठं मिळणार होतं? त्यानं ओठ उघडलेसुद्धा.

“खोटं नाही, नवशा,” तो म्हणाला. “खरंच मारते ती मला. लग्न झाल्यापासून मारते.”

नवशा हसला नाही. त्यानं पट्टीकडे बघितलं, मग कैलासच्या तोंडाकडे बघितलं.  शेवटी म्हणाला, “मंग आज घरी नका जाव. आमच्या पाड्यावर चला.”

“येतो,” कैलास म्हणाला, आणि तिथंच, शिफ्टची माणसं गेटातून ये-जा करत असताना, मोठ्यानं रडायला लागला. नवशानं त्याला गप बस म्हटलं नाही. त्यानं मनोरकडे जाणारी रिक्षा थांबवली, कैलासला भाजलेला खांदा घासणार नाही अशा बाजूला बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारी बसला.