गोणपाटातला बर्फ

उन्हाळ्यात दुपारच्या एसटीत ती पौडला चढायची आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसायची. मी मुळशी धरणावर दुपारपाळीचा कारकून होतो. ती धरणाकाठच्या एका बंगल्यात कामाला होती. तिथं मुंबईच्या शेठनं काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी भरून जिवंत पोवळी आणि रंगीत मासे ठेवले होते. पाणी तापलं की सगळं मरायचं, म्हणून ती बर्फ पत्र्याच्या डब्यात भरून डबा टाकीत सोडायची. आख्ख्या खोऱ्यात माणसाला गार पाणी मिळत नव्हतं, माशांना बर्फ होता. लादी कवटाळून तिचे हात पांढरेफटक पडलेले असायचे. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा एक बाई डॉक्टरकडून तापानं फणफणलेलं पोर घेऊन गाडीत चढली.

"मावशी, वाईच तुकडा द्या की. कपाळावर ठेवते."

"फोडला तर शेठ कामावरनं काढंल गं. वितळंल तेवढाच माजा."

असं म्हणून तिनं गोणपाटाखाली पदर धरला, ठिबकणाऱ्या पाण्यात भिजू दिला आणि पोराच्या कपाळावर ठेवला. बाई उतरेपर्यंत ती तेच करत राहिली.

"उतरेल ताप," मी म्हणालो.

"गेल्या उन्हाळ्यात माज्या पोरीला बी आसंच करत व्हते."

"मग?"

तिनं गोणपाट घट्ट आवळलं.

"मासं जगलं."