चौथी शिट्टी

आमच्या कॉलेजच्या फिल्ममध्ये सुरुवातीला पडदा काळाच राहणार होता, नुसते आवाज ऐकू येणार होते, आणि ते ठरवणं माझ्याकडे होतं. दिग्दर्शक मित्राला दाराची करकर हवी होती, वर कुत्र्याचं रडणं. मी म्हटलं, "घुबडही घाल, राहून जायला नको."

मला फक्त कुकर हवा होता. आमच्याकडे भाताला तीन शिट्ट्या होतात आणि तिसरीला कुणीतरी उठून गॅस बंद करतं. माझ्या आवाजात कुणीच उठणार नव्हतं.

कुकर घरीच रेकॉर्ड केला आणि एका दुपारी बुधवार पेठेतून आणलेल्या स्पीकरवर लावून पाहिला. आई बाहेरच्या खोलीत मेथी निवडत होती. तिसऱ्या शिट्टीला तिचे हात थांबले. चौथीला ती तरातरा ओट्याकडे गेली. गॅस बंद होता, कुकर धुऊन पालथा घातलेला होता. पाचवी झाली तशी ती माझ्या दारात येऊन स्पीकरकडे बघत राहिली. फिल्मची गोष्ट मी तिला सांगितलेली नव्हती.

सहावी शिट्टी झाली.

"बंद कर ते," ती म्हणाली. "ती बाई आता उठायची नाही."