धुऱ्यापलीकडचा कायदा

दादा अमरावतीच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायचा. सुट्टीत अकोटजवळच्या आमच्या गावी आला की बाला, म्हणजे आमच्या वडलांना, पेपर वाचून दाखवायचा. त्या वर्षी बातम्या व्हिएतनामच्या होत्या.

"अमेरिकेची विमानं बॉम्ब टाकून राहिली, बा."

"कोणाले इचारून?"

"कोणालेच नाही. कोणत्या देशानं दुसऱ्यावर असा हात टाकू नये, हा नियम लिहितानी तेच पुढं होते. सही हाय त्यायची."

"अन् लहान्या देशानं मोडला असता तं?"

"तं शिक्षा द्यायले तेच धावले असते."

बा हसला. "म्हंजे आपला शेजारी."

शेजारी म्हणजे गावातला सगळ्यात मोठा जमीनवाला. दर उन्हाळ्यात वखर आमच्या बाजूला घालून तो दोन शेतांमधला धुरा सरकवायचा. दुसऱ्यांच्या धुऱ्यांचे तंटे मात्र तोच पंच होऊन मिटवायचा, दंडही ठोठवायचा. आमच्यात पुरायची रीत; त्या धुऱ्याला लागूनच, आमच्या बाजूला, आम्ही आईला पुरलं होतं.

बाला हाणामारी करायची होती. दादानं पंच बोलावले. निवाडा आमच्या बाजूनं लागला. शेजाऱ्यानं हात जोडले, "पंच म्हंजे देव हाय बाप्पा," म्हणाला, आणि सगळ्या पंचांना आपल्या घरी जेवायला घेऊन गेला.

निवाड्यानंतर आमच्याकडे हद्दीवर दगड गाडतात. खाली कोळसा टाकतात, म्हणजे दगड कोणी उपटला तरी खूण राहते. बा कुदळ घेऊन निघाला, तर दादानं अडवलं. "चार माणसांत शब्द देल्ला त्यानं. आता दगड गाडणं म्हंजे त्याचा अपमान."

पुढच्या वखरणीत आईची जागा त्याच्या शेतात गेली. दादा पुन्हा पंचांकडे गेला. ते म्हणाले, "मास्तर, खूण दाखवा. अन् दाखवली तरी तो आमाले कुठं मोजते?"

बा दादाशी महिनोन् महिने बोलला नाही. दादा अमरावतीला परतला आणि तोच विषय शिकवत राहिला. मला एकदा म्हणाला, "नियम मोडणाऱ्यालाही हात जोडावे लागतात. तेवढा तरी कायद्याचा धाक आहे." हात जोडायला त्या माणसाला काहीच मोजावं लागलं नव्हतं.

दादा दिवाळीआधी वारला. आजारपणात त्यानं एकच मागितलं होतं, आईशेजारी ठेवा. मी शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहिले. तो खरंच हळहळला. मास्तरांसारखा माणूस होणे नाही, म्हणाला.

"पण बाई, कपाशी फुटली हाय. आता कसं खणू देऊ?"

दादाला आम्ही नाल्याकाठच्या मसणवट्यात पुरलं.